नदीची पाळी

“पण बाबा, वाळूला पाणी पाजून मिळतं काय?” विश्रामनं विचारलं.

नदीच्या कोरड्या पात्रात फावडं आडवं टाकून त्याच्या दांड्यावर सुपडूबाबा बसले होते. चैत्रातलं ऊन. वाळू भाजून निघालेली.

सुपडूबाबा म्हणजे जांभी नदीचे पाटकरी. वर बंधारा आहे, बंधाऱ्यातून पाट निघतो. त्या पाटाचं पाणी कुणाच्या वावराला कधी द्यायचं आणि किती वेळ, हे चाळीस वर्षं बाबांनीच पाहिलं. ज्याची त्याची पाळी. त्यावरून कधी भांडण झालं नाही.

त्या वर्षी होळीपासून मात्र त्यांनी एक नवीनच पाळी लावली. आठवड्यातला एक दिवस पाटाचं दार बंद. त्या दिवसाचं सगळं पाणी नदीत सोडायचं.

ती नदीची पाळी.

विश्राम देवरे हा बाबांचा शिष्य. मोठा शिकलेला माणूस. नाईल पाहून आलेला, डॅन्यूब पाहून आलेला, मेकाँगमध्ये नावेत बसलेला. परदेशात नद्यांवर भाषणं करायचा. मग एक दिवस पाटाचं पाणी शिकतो म्हणून आला आणि तीन महिने बाबांच्या ओसरीवर राहिला.

शिकला भराभर. पण कमरेत वाकायचा नाही.

नदीकाठच्या गावांच्या पंचांना त्यानंच सांगितलं होतं, “चार पाळ्या झाल्या. एकदाही पाणी टोकऱ्याला पोचलं नाही. पाचवीलाही पोचणार नाही. मी मोजून पाहिलंय.”

टोकरे हे नदीचं शेवटचं गाव. आमचंच. विहिरींनी माघातच तळ दाखवलेला.

पंचांनी मग ठरवून टाकलं. आज सूर्य डोंगराला टेकायच्या आत पाणी टोकऱ्याला वाहत आलं, तर नदीची पाळी कायमची राहील. नाही आलं, तर तो दिवस वरच्या गावांच्या उसाला. आणि बाबांच्या हातातलं फावडं विश्रामच्या हातात.

सगळं गाव काठावर उभं होतं. रिकाम्या हंड्यांसकट.

विश्राम सकाळपासून पाण्याच्या बरोबरीनं चालत आलेला. पाणी पुढं आणि हा त्याच्या कडेनं. शेवटी त्याला मागं टाकून एकटाच पोचला.

“म्हसोबाच्या वळणावर अडलंय,” तो म्हणाला. “पाऊण कोस मागं. तासाभरात बोटभर सरकलं नाही. वाळू नुसती पितेय.”

“तहान लागली असंल,” बाबा म्हणाले.

“थट्टा करू नका, बाबा. माणसं तहानलेली आहेत.”

काठावरून ठगाबाई खाली उतरल्या. सत्तरीच्या. जीभ विळ्यासारखी.

“काय रे सायबा, वावराला पहिलं पाणी द्यायला किती वेळ लागतो?”

“दिवस जातो, आजी.”

“आन् दुसरं?”

“निम्म्या वेळात होतं. जमीन आधीच भिजलेली असते ना…”

“आन् पाचवं?”

विश्राम वळून वाळूकडं बघू लागला.

“वाळू दर खेपेला कोरडीच धरलीस व्हय? अरे, माझ्या सुनेलाबी कळतं हे. आन् तिला तर भात शिजवता येत न्हाई!”

काठावर हशा उठला. सून सगळ्यांत मोठ्यानं हसली.

विश्राम लाल झाला. “चुकलं माझं. कबूल. पण पाणी कुठंय? दाखवा ना!”

बाबांनी पहिल्यांदा मान वर केली.

“बूट काढ.”

“काय?”

“बूट काढ, आन् उभा राहा इथं.”

त्यानं बूट काढले. वाळूवर पाय टेकले आणि उडालाच.

“भाजतंय, बाबा!”

“उभा राहा.”

राहिला. दात आवळून राहिला. सूर्य डोंगरापासून हातभर वर.

“आता?” बाबांनी विचारलं.

“भाजतंय.”

पाय बदलत तो उभाच राहिला.

“आता?”

विश्रामनं खाली पाहिलं. बोटं वाळूत रुतवली. आणखी रुतवली.

“गार लागतंय…” तो हळूच म्हणाला.

बाबा उठले. फावडं त्याच्या हातात दिलं.

“खण.”

त्यानं खणलं. वीतभर. हातभर. वाळू काळी लागली. मग खड्ड्याच्या तळाला एक डोळा उघडावा तसं पाणी चमकलं. बघता बघता घोट्याएवढं झालं.

“हा झिरा झाला,” पंच वरून ओरडले. “झिऱ्यातलं पाणी म्हणजे नदी नव्हे. वाहत आलं पाहिजे.”

खरंच होतं ते. कुणाला राग आला नाही. सगळे नुसते बघत राहिले. सूर्य आणखी खाली आला. चार बोटं राहिली असतील.

खड्डा काठोकाठ भरला. थरथरला… आणि एका बाजूनं सांडला.

तेवढ्यात वळणाकडून टिटव्या ओरडत उठल्या.

मी सांगतो, तसं पाणी मी कधी पाहिलं नाही. जोरात नव्हतं. रांगणाऱ्या पोरासारखं येत होतं. पुढं फेस, फेसात काटक्या, सुकलेली पानं, एक जुनी चप्पल. ओल्या वाळूवर त्याला आता कुठंच थांबायचं नव्हतं.

“आलं!”

हा ओरडला कोण? विश्राम! जो येणार नाही म्हणाला होता, तोच. पाण्यापुढं वाकून उलटा चालत होता, दोन्ही हातांनी काटेकुटे बाजूला करत होता.

“आलं हो बाबा, आलं! अगं ये, ये… इकडून ये…”

हलगी कडाडली. बायका हंडे टाकून आधी पाण्यातच उतरल्या. ठगाबाईंनी मूठभर कुंकू पाण्यात सोडलं आणि उरलेलं विश्रामच्या कपाळभर फासलं. पंचांनी टोपी काढून सूर्याकडं पाहिलं. तो अजून दोन बोटं वर होता.

“पाळी राहिली!” ते ओरडले. “नदीची पाळी राहिली!”

पाणी टोकऱ्यावरून पुढं गेलं. कुणी अडवलं नाही.

गुडघाभर ओला विश्राम बाबांपुढं आला. फावडं त्यांच्या पायाशी ठेवलं आणि वाकला. चांगला कमरेत वाकला.

“बाबा,” तो म्हणाला, “मी पाहिल्यात त्या नद्या फार मोठ्या आहेत. तरी जगात अशाही आहेत, ज्या आता समुद्रापर्यंत पोचत नाहीत. त्यांच्यासाठी मी काय करू? कुठून सुरुवात करू?”

बाबांनी ओंजळभर पाणी घेतलं. तोंडावर मारलं.

मग म्हणाले,

“त्यांच्या शेवटच्या गावात कोण राहतं रे?”