पंधरा दिवसांचा गोटा

“म्हंजे तुला संन्यास नगं, नुसता गोटा पायजे?” भानुबुवांनी विचारलं.

“गोटा इथं नाही करायचा बुवा. तो डॉक्टर करणार आहेत. मला फक्त त्यानंतर इथं राहायचंय. पंधरा दिवस.”

“आन् हितंच का?”

“इथं सगळ्यांचेच गोटे आहेत. त्यात माझा एक खपून जाईल.”

बुवा ओसरीवर सुपात हरभरे घेऊन निवडत बसले होते. त्यांचा हात थांबला... मग पुन्हा चालू झाला.

आता हा विचारणारा गडी काही साधासुधा नव्हता हो. राजवर्धन काळभोर, वय बत्तीस. तालुक्याच्या गावी आत्मविश्वासाची शिबिरं घ्यायचा. ‘स्वतःला आहे तसं स्वीकारा’ हे त्याचं चार तासांचं व्याख्यान पंचक्रोशीत गाजलेलं. ऐकून भले भले लोक ढसाढसा रडायचे. आणि हे व्याख्यान हा बाबा गेली तीन वर्षं टोपी घालून देत होता.

कारण टोपीखाली जे होतं, ते काही त्याला स्वीकारता येईना. म्हणजे होतं काय, तर काही नव्हतंच. कानांवर आणि मानेकडं दाट झालर, मधे सगळं मोकळं मैदान. आणि आडनाव काळभोर! शिबिरातली पोरं मागून म्हणायची, “काळं गेलं, भोर गेलं, नुसते सर उरले.”

बोरखिंडीच्या मठात तो पहिल्यांदाच आला होता. चैत्राचं ऊन रणरणत होतं आणि टोपीतून घामाच्या धारा लागल्या होत्या.

“टोपी काढ की,” बुवा म्हणाले.

“राहू द्या.”

“ऱ्हाऊ दे.”

राजवर्धनची नजर राहून राहून बुवांच्या डोक्याकडं जात होती. वय पंचाहत्तरीचं. पण वस्तरा फिरवून आठ दिवस झाले असतील-नसतील, तोवर डोकंभर दाट खुंट वर आलेले. कपाळावरची रेघ कशी आखल्यासारखी. ज्याच्यासाठी आपण डोक्यात हजार भोकं पाडून घ्यायला निघालो, ते हा म्हातारा दर पंधरवड्याला खरवडून उकिरड्यावर टाकतो! दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत, म्हणतात ते हेच.

“डॉक्टर करनार काय पर?”

राजवर्धननं घसा साफ केला. व्याख्यानाचा आवाज लागला. “मागचे केस काढून पुढं लावतात. एकेक मूळ काढायचं, एकेक भोक पाडून त्यात बसवायचं. मागचे केस चिवट असतात, सहसा गळत नाहीत. गळतात ते पुढचे आणि टाळूवरचे. घराण्यातच आहे आमच्या. वडिलांचं असंच.”

“म्हंजे नवं काय न्हाई. हितलं उचलून तितं.”

“हो.”

“आन् लावलं की लगीच वाढत्यात?”

राजवर्धन चाचरला. “आधी... गळतात.”

“काय गळतात?”

“लावलेलेच. दोन-चार आठवड्यांत बरेचसे गळून जातात. मुळं आत राहतात. मग काही महिन्यांनी पुन्हा येतात. नीट दिसायला वर्ष लागतं.”

बुवांनी बोटांवर मोजलं. “म्हंजे केस यावं म्हणून आदी समदे काढायचे. मग लावायचे. मग ते गळायचे. मग यायचे.”

“हो.”

“लई अवघड साधना हाय बाबा,” बुवा मनापासून म्हणाले. “आमचं सोपं. आमी नुसतं काढतो.”

“चेष्टा करू नका बुवा. मी सगळे उपाय करून बसलोय.”

आणि ते खरंच होतं. कांद्याचा रस चोळला, तर शेजारच्या काकू भजी कुठं तळताय म्हणून डोकावल्या. माक्याचं तेल लावून झालं, उशीचे अभ्रे तेवढे हिरवे झाले. कुणी सांगितलं म्हणून शीर्षासनं केली. केस आले नाहीत, मान मात्र धरली.

“मग लपायचं कशापायी? दवाखान्यात गेलो हुतो म्हणून सांग.”

“लावल्यावर पंधरा दिवस टोपी घालायची नाही म्हणतात. आणि लग्न ठरलंय माझं.”

“ब्येस झालं की.”

“तिनं माझं डोकं पाहिलेलं नाही. एकदाही नाही.”

पाहणार तरी कशी? साखरपुड्यात यानं फेटा बांधला तो चार तास उतरवला नाही. पंगतीत मुलीचे वडील म्हणाले, “जावईबापू, फेटा काढून सावकाश बसा की.” यानं ठोकून दिलं, “आमच्या काळभोरांत जेवताना फेटा काढत नाहीत.” शेजारच्या पाटावर याचे सख्खे काका बसले होते. ते काळभोरच. त्यांनी गपचूप आपला काढून ठेवलेला फेटा उचलून पुन्हा डोक्यावर चढवला.

पुढं एकदा टोपीला सुट्टी देऊन, डोक्यावर ती केसांसारखी दिसणारी काळी भुकटी मारून हा तिला भेटायला गेला. निम्म्या चहातच काळा ओघळ भुवईवर उतरला. प्रणोतीनं रुमाल पुढं केला. “गाडीचं ग्रीस लागलं असेल,” हा म्हणाला. “असं का,” ती म्हणाली.

त्या ‘असं का’नं त्याची झोप उडाली होती. प्रणोती त्याला मनापासून आवडली होती. तिच्या वडिलांचं औषधांचं दुकान ती एकटी सांभाळायची आणि गिऱ्हाइकाशी बोलावं तितकं सरळ त्याच्याशीही बोलायची. तिनं आता नाही म्हटलं असतं, तर आत्मविश्वासाच्या सरांना पुन्हा उभं राहता आलं नसतं. हे बाकी कुणाला नसलं तरी त्याला पक्कं ठाऊक होतं.

“मग तिला काय सांगनार?” बुवांनी विचारलं.

“तुम्ही सांगा. राजवर्धन अनुष्ठानाला बसलाय म्हणा. मठाचा शब्द कुणी खोटा मानत नाही.”

बुवांनी हरभऱ्यांतला एक खडा उचलला, निरखला, बाजूला ठेवला.

“ऱ्हा की,” ते म्हणाले.

राजवर्धनचा चेहरा खुलला. तो पाया पडायला वाकला. टोपी घसरायला लागली, म्हणून एका हातानं टोपी धरून दुसऱ्या हातानं पाया पडला.

“एक नेम हाय मठाचा,” बुवा म्हणाले. “हितं मुक्काम करायचा तर घरधनिणीची परवानगी लागती. तिला न इचारता आल्याला मानूस आमी ठिवून घेत न्हाई.”

“माझं लग्न कुठं झालंय अजून?”

“ठरलंय म्हणलास.”

“ठरलंय...”

“मग तिचीच आन.”

“अहो, पण तिच्यापासूनच तर लपायचंय!”

“लप की. तिला इचारून लप.”

राजवर्धनला वाटलं, म्हाताऱ्याला ऐकू कमी येत असावं. त्यानं सगळं पुन्हा, मोठ्यानं सांगितलं. बुवांनी सगळं पुन्हा ऐकून घेतलं.

“आईची परवानगी आणू का?”

“आयपास्नं लपतुयास?”

“नाही.”

“मग ती कशाला?”

“हा कसला नियम बुवा! याला काही अर्थ आहे का?”

बुवा हरभरे निवडत राहिले. “फोनला रेंज पिंपळाच्या पारावर येती,” एवढंच म्हणाले.

राजवर्धन तणतणत पारापर्यंत गेला. दवाखान्यातली तारीख सोमवारची. मित्राच्या शेतावर लपावं, तर तो मित्र फोटो काढून गावभर पाठवणार. घरी राहावं, तर भावी सासरे दर दोन दिवसांनी येऊन बसणार. पाराला सात-आठ चकरा झाल्या. शेवटी त्यानं फोन लावला.

“प्रणोती, मी मठात आहे.”

“दोन गोळ्या, जेवणानंतर,” ती पलीकडं कुणाला तरी सांगत होती. मग तिचा आवाजच बदलला. “मठात? कशाला? अहो, संन्यास-बिन्यास घेताय की काय?”

“नाही, नाही! पंधरा दिवस राहायचंय. तुझी परवानगी हवीय.”

“कशासाठी?”

राजवर्धननं टोपी काढली. फोनवर काय दिसणार होतं? पण काढली.

“मला टक्कल आहे,” तो म्हणाला.

“...किती?”

“या कानापासून त्या कानापर्यंत.”

“मग ते ग्रीस?”

“भुकटी होती. डोक्यावर मारायची.”

“आणि काळभोरांत जेवताना फेटा काढत नाहीत, ते?”

“काढतात. काका आल्याबरोबर काढतात.”

“अहो, माणसा!” प्रणोती कडाडली. “मला वाटलं कलप ओघळला! म्हटलं, या माणसानं वय चोरलंय. सांगतोय बत्तीस आणि असणार पंचेचाळीस. बाबा उद्या तुमच्या शाळेत निघालेत, जन्मतारीख बघायला. दाखला नाही जुळला तर मोडायचं, असं ठरलंय घरात. चार दिवस माझ्या घशाखाली घास उतरला नाहीये!”

राजवर्धन पारावर मटकन बसला. ज्या लग्नासाठी तो टोपी धरून बसला होता, ते टोपीपायीच उद्या मोडणार होतं.

“मी बत्तीसचाच आहे गं,” तो कसाबसा म्हणाला.

“मग तसं सांगायचं ना! टक्कल घेऊन रोज दहा माणसं येतात माझ्या दुकानात. त्यांना काय मी हाकलून देते?” तिनं नाक ओढलं. ती रडत होती की हसत होती, त्याला कळेना. “डॉक्टर काय म्हणाले? खरं सांगा.”

आता खरं सांगायची सवयच लागली. “पहिले डॉक्टर म्हणाले, गळती अजून थांबलेली नाही. वर्षभर औषध घ्या, मग ठरवू. म्हणून मी दुसऱ्या दवाखान्यात गेलो. त्यांनी लगेच सोमवार दिला.”

“वा! आणि मागचे केस म्हणजे काय द्रौपदीची थाळी आहे? तिथलं मूळ एकदा काढलं की त्या जागी पुन्हा येत नाही. आत्ता घाईनं पुढं लावाल आणि मागाहून कडेचे गळत राहिले, म्हणजे पुढं कुंपण आणि आत माळ.”

“मग नको करू?”

“डोकं तुमचं आहे. करा, नाहीतर नका करू. मला दोन्ही चालेल. फक्त त्या पहिल्या डॉक्टरांना विचारून करा. आणि मठात राहायचं तर खुशाल राहा. पंधरा दिवस कशाला, महिनाभर राहा. दिली परवानगी. दर रविवारी मी डबा घेऊन येईन. डोक्यावर टोपी दिसली तर डबा परत नेईन. ठेवते आता, बाबांना थांबवायचंय.”

फोन बंद झाला. राजवर्धन तसाच बसून राहिला. पिंपळाखालचं वारं टाळूला लागत होतं. तीन वर्षांत तिथं वारं लागलंच नव्हतं. त्याला इतकं बरं वाटलं, की डोळ्यांत पाणी आलं, आणि ते त्यानं पुसलंही नाही.

मग तो पळतच ओसरीवर आला.

“मिळाली बुवा! परवानगी मिळाली! महिनाभराची! आता माझी खोली दाखवा.”

“जागा न्हाई,” बुवा म्हणाले.

राजवर्धननं वाकून पाहिलं. पाहुण्यांच्या तिन्ही खोल्यांची दारं सताड उघडी होती. आत चिटपाखरू नव्हतं.

“अहो, तिन्ही रिकाम्या आहेत की!”

“हायेत.”

“आणि मी परवानगी आणलीय!”

बुवांनी सूप उचललं. उठले. त्याच्या उघड्या डोक्याकडं एकदा नीट पाहिलं...

“म्हणूनच न्हाई,” बुवा म्हणाले.