बाजेवरचा महादेव

खेजडसरच्या वेशीबाहेर महादेवाचं देऊळ आहे. नवा माणूस गाभाऱ्यात वाकून बघतो आणि पुजाऱ्याला हळूच विचारतो, "देवाला बरं नाही का?" कारण पिंडी सुंभाच्या बाजेवर बसलेली असते, आणि खाली ही मोठी पितळी परात. देवाला काही झालेलं नाही. एका बाईनं फार पूर्वी एक नवस बोलला होता, त्याची ही करणी, असं सांगतात. तुम्ही या वाळूच्या शहरात नव्यानं बिऱ्हाड थाटलंत, तर ऐकून ठेवा. संसाराला उपयोगी पडेल.

ती बाई म्हणजे चिमा, कोकणातली. तिच्या माहेरी पाटाचं पाणी थेट न्हाणीपर्यंत यायचं. नवरा विसाजीपंत वैद्य. खेजडसरच्या ठाकुरांचा गुडघा धरला होता, म्हणून त्यांना बोलावणं आलं. वाटेत वैद्यबुवाच तापानं फणफणले, आणि त्यांचे काढे त्यांनाच लागू पडेनात. धर्मशाळेत चिमानं पदर पसरला. "महादेवा, ह्यांना उठव. जिथं राहायला जाऊ तिथल्या तुझ्या पिंडीवर एक दिवस सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत संततधार धरीन."

कोकणातल्या बाईला त्यात जड ते काय वाटणार? पाणी तर असतंच. पंतांचा ताप उतरला, त्यांनी उठून मऊ भात मागितला, आणि दोघं खेजडसरला पोचली.

शेजाऱ्यांनी स्वागताला अंगणात रांजण भरून ठेवला होता. चिमानं पहाटे सगळ्या नद्यांची नावं घेत तो डोक्यावरून ओतून घेतला. केसांचा अंबाडा बांधेपर्यंत अंगणानं पाणी पिऊन टाकलं होतं आणि गल्ली दारात उभी होती. कुणी ओरडलं नाही. शेजारची म्हातारी धापूमा तेवढी पुढं आली.

"छान न्हालीस, बीनणी," ती म्हणाली. तिकडे सुनेला बीनणी म्हणतात. "आता पाण्याचा उंट येईपर्यंत गल्लीनं काय प्यायचं?"

त्या दिवसापासून धापूमानं तिला हाताशी धरलं. भांडी वाळूनं घासायची. वारा सुटला की आधी कणीक झाकायची, मग पोरं आत घ्यायची, नाहीतर भाकरी दाताखाली करकरते. पापड लाटावेत तर दुसरा होईतो पहिला वाळलेला असतो, त्याचं कौतुक करत बसायचं नाही. दुपारी दारं लावून घ्यायची, रात्री गोधडी काढायची. आणि न्हायचं ते बाजेवर बसून, खाली परात ठेवून. परातीतल्या पाण्यात कपडे धुवायचे, कपड्यांचं पाणी सारवणाला. चिमा सगळं शिकली.

पण नवस? इथं लोटाभर पाण्याचा हिशेब, तिथं दिवसभराची धार! त्यात पंतांना वाळूनं शिंका यायच्या. प्रत्येक शिंकेला चिमाला वाटायचं, देव आठवण करून देतोय, ताप परत येणार. मग ती त्यांना निजवून शिरा करून घालायची. पंत वैद्य होते, शिंकेचं कारण त्यांना कळत होतं. पण शिराही आवडत होता, म्हणून गप्प राहिले म्हणे.

शेवटी तिनं आपल्या पिण्याच्या पाण्यातून रोज थोडं मागं टाकलं. ओठ फुटले, तेव्हा कुठं एक घागर साठली. ती पिंडीवर घातली, तर स्तोत्र अर्ध्यावर होतं आणि सगळं पाणी वाळूत गडप. चिमा तिथंच बसून रडायला लागली. धापूमा जवळ येऊन म्हणाली, "डोळ्यांतलं तरी जपून वापर, बाई."

मग चिमानं सगळं सांगितलं. म्हातारी आधी पोट धरून हसली. चिमाचा चेहरा बघितला आणि हसायची थांबली.

डोळे पुसता पुसता चिमानंच विचारलं, "धापूमा, आपण न्हातो ते पाणी कुठं जातं?"

"जाईल कुठं? परातीत."

"मग देवाचंही परातीतच पडू दे की."

तिचं म्हणणं एवढंच, की प्रत्येकानं आपल्या न्हाण्याचं पाणी आधी देवावर धरावं आणि परातीतून तेवढंच भरून घरी न्यावं. थेंबही जादा लागणार नाही. धापूमा दारोदार सांगत फिरली. अडले ते पुजारी हरकपुरी महाराज. बाजेवर दुखणेकरी बसतो, देव नव्हे, म्हणाले.

"महाराज, या गावात सगळेच बाजेवर बसून न्हातात," धापूमा म्हणाली. "तुम्ही कुठं बसून न्हाता?"

महाराजांना न्हाताना कुणी पाहिलंच नव्हतं. मग ते घरी गेले आणि स्वतःची बाज घेऊन आले.

श्रावणी सोमवारी सूर्याबरोबर धार सुरू झाली. बायका, पोरं, म्हातारे लोटे घेऊन रांगेत. दुपार झाली आणि रांग आटली. उन्हात रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. चिमाच्या हातातला शेवटचा लोटा तळाला गेला, धार दोऱ्याएवढी झाली, आणि पंत देवळाच्या पायरीवर शिंकले.

गावात उरले होते ते धनगर, उंटवाले, म्हणजे अंघोळ हा दिवाळीचा विषय मानणारे. धापूमा चौकात उभी राहिली आणि तिनं जाहीर केलं, जो येणार नाही तो कुठल्या दिवाळीपासून न्हालेला नाही, ते आपण नाव घेऊन सांगू. म्हणे, असे धावले की पागोटी वाटेत पडली. धार तुटली नाही. सूर्य टेकताना शेवटचा लोटा हरकपुरी महाराजांनी ओतला.

आता हातात आलेलं पाणी म्हणजे तीर्थ, ते फेकता येईना. त्या संध्याकाळी अख्खं खेजडसर न्हालं. बकऱ्यांनी धन्यांना ओळखलं नाही, धार काढू दिली नाही. पंतांना मात्र ताप पुन्हा कधी आला नाही.

आजही श्रावणी सोमवारी महादेव बाजेवर बसून न्हातो, आणि त्याच पाण्यानं मग शहर न्हातं. तेव्हा बाई, मनात काही मागणं असो नसो, तुम्हीही या सोमवारी आपल्या न्हाण्याचा लोटा घेऊन या. आधी त्याला घाला, मग घरी नेऊन तुम्ही न्हा. आणि जमलं तर दुपारी या. दुपारी माणसं कमी पडतात.