रॉकेलमध्ये धुतलेला हब

“मग दोष नक्की कशात होता?” टिळेकर सरांनी तिसऱ्यांदा विचारलं.

शमुवेल मिस्त्री खाली वाकून बघत होते. पुढ्यातल्या फडक्यावर तीन गिअरच्या सायकलीच्या मागच्या चाकाचा हब सुटा होऊन पडला होता. आतली दातेरी चक्रं, खटके, केसाएवढ्या स्प्रिंगा, छर्रे, सगळं ओळीनं मांडलेलं आणि प्रत्येकापाशी एक चिठ्ठी.

मांडणी सरांची होती. आयटीआयमध्ये एकतीस वर्षं फिटरच्या पोरांना शिकवलेला माणूस. यंत्र खोलावं तर आपणच, असा त्यांचा खाक्या. असला हब उघडणारा गावात एकटा शमुवेल मिस्त्री, हे ठाऊक असूनही ते कॅम्पातल्या या दुकानाची पायरी कधी चढले नव्हते. ज्याला साधा ड्रॉइंगचा कागद वाचता येत नाही त्याच्याकडे काय जायचं, असं चारचौघांत म्हणतही असत.

आज सायकल घेऊन चढले, कारण सगळं खोलूनही त्यांना काही सापडलं नव्हतं.

सायकल त्यांच्या बायकोची. मंदाताई बालवाडीत शिकवायच्या आणि रोज तिच्यावरूनच जायच्या. पॅडल मध्येच रिकामं फिरतं, मिस्त्रींना दाखवू या, असं त्या वर्षभरात चार-पाचदा म्हणाल्या होत्या. मी घरात असताना मिस्त्री कशाला, असं सर म्हणायचे. रविवारी बघतो.

दीड महिन्यापूर्वी पाण्याच्या टाकीच्या चढावर मंदाताई पडल्या आणि मागून आलेल्या ट्रकखाली गेल्या. सायकल बाजूला फेकली गेली, तिला ओरखडासुद्धा आला नाही. बाई एकाएकी कलंडल्या, एवढंच पाहणारे सांगत होते. त्यांना अधूनमधून चक्करही यायची.

चक्कर आली, की पॅडल रिकामं फिरलं... सरांना एवढंच कळायला हवं होतं. त्यापायी त्यांची झोप उडाली होती, अन्न गोड लागत नव्हतं.

मिस्त्रींनी एकेक खटका उचलून उजेडात धरला, नखावर घासून पाहिला आणि परत जागेवर ठेवला.

“हे धुतलं कुणी?”

“मीच. रॉकेलमध्ये, दोनदा. त्याशिवाय झीज कशी दिसणार?” सरांच्या आवाजात अजून थोडा वर्गातला मास्तर शिल्लक होता.

“झीज नाहीच आहे.”

...

मग मिस्त्रींनी न रागावता समजावलं. झीज नसेल तर दोन गोष्टी उरतात. आतलं तेल सुकून चिकट झालं, तर खटके उठून दात पकडत नाहीत. नाहीतर हबात जाणारी, गिअर बदलणारी बारीक साखळी अर्धा आटा सैल असली, तरी दोन गिअरांच्या मधे पॅडल रिकामं जातं. चिकटा असलाच तर तो रॉकेलबरोबर गेला होता. साखळी तर सरांनी सगळ्यात आधी सोडवली होती. आणि कदाचित त्या दिवशी दोन्ही ठीकही असेल.

सरांचे हात गुडघ्यांवर पडले. आधी साफ करा, मग बघा, हेच ते दरवर्षी नव्या पोरांना पहिल्या दिवशी बजावत आले होते.

“मी खोलायच्या आधी बसणाऱ्याला विचारतो,” मिस्त्री म्हणाले. “पाय कुठं रिकामा जातो? चढाला का सपाटीला? गिअर बदलताना का बदलल्यावर? त्यावरून बरंच कळतं. बाई काय म्हणायच्या?”

सर आठवू लागले. ओट्यापाशी उभी मंदा आठवली, पदराला हात पुसत सांगणारी. चढ म्हणाली होती का? दुसरा गिअर म्हणाली होती का? तिचे ओठ हलताना दिसत होते. ऐकू मात्र त्यांचं स्वतःचंच येत होतं, रविवारी बघतो.

“आठवत नाही...” ते म्हणाले. “मी ऐकलंच नव्हतं, मिस्त्री.”

मिस्त्रींनी खाली मान घालून हब जोडायला घेतला. चिठ्ठ्यांकडे त्यांनी पाहिलंही नाही. तेल सोडलं, चाक सायकलीला बसवलं, बारीक साखळी ताणली आणि पॅडल मारून सोडून दिलं. आतून टिकटिक सुरू झाली. एका लयीत, कुठंही न अडखळणारी.

ती ऐकून सरांना राहवलं नाही. ते हमसून हमसून रडले. मिस्त्रींनी त्यांना रडू दिलं, पाणी विचारलं नाही की पाठीवर हात ठेवला नाही.

“माझ्यामुळं झालं, असं तरी सांगा,” सर म्हणाले. “तेही चालेल मला.”

“कळलं असतं तर सांगितलं असतं.”

...

“मग ही पुन्हा बिघडवून द्या. होती तशी. मी बसतो, त्या चढावर जातो. एकदा पाय रिकामा गेला की मला कळेल.”

मिस्त्रींनी हातातला पाना खाली ठेवला. चाक अजून फिरत होतं. ते थांबेपर्यंत दोघंही त्याच्याकडे बघत राहिले.

...

“मला फक्त दुरुस्त करता येतं, सर.”