पाठशाळेच्या छपरावरची पाखरं

एका राज्यात एक नामांकित पाठशाळा होती. तिथं गुरुजींना बसायला सोन्याचं आसन होतं, आणि ते आसन शापित होतं. राजाच्या पणजोबांनी ते शंबरी जादूगारणीच्या डोंगरावरून उचलून आणलं, तेव्हा ती एवढंच म्हणाली होती, की यावर जो बसेल त्याला मागे पडलेलं मूल दिसणार नाही, आणि जे मूल दिसेनासं होईल त्याचं पाखरू होईल. पणजोबांनी ते हसण्यावारी नेलं. सोनं मिळाल्यावर शापाला कोण विचारतो?

मग काय, जी मुलं पाठ घडाघडा म्हणत ती गुरुजींना लख्ख दिसत. ज्यांना अक्षर लागत नसे, आकडे उलटेपालटे दिसत, ती आधी धूसर होत आणि एके दिवशी फुर्रकन छपरावर जाऊन बसत. छप्पर पोपट, होले, साळुंक्यांनी गजबजून गेलं. आईबाप खाली उभे राहून दाणे टाकत. लोक म्हणत, पोरं मुळातच मठ्ठ, त्याला गुरुजी काय करणार?

गुरुजी होते वाचस्पतिशास्त्री. तेही तेच म्हणत, आणि मोठ्या तोऱ्यात म्हणत. मग त्यांची नात चारुमती पाठशाळेत आली. पोरगी भारी चुणचुणीत, एकदा ऐकलेली कथा जशीच्या तशी सांगावी तर तिनंच. पण पोथी उघडली की अक्षरं मुंग्यांसारखी चालू लागत. राजवैद्यांनी डोळे तपासले, ते निर्मळ निघाले. ज्योतिष्यांनी ग्रह पाहिले, तेही जागच्या जागी होते. तेव्हा सर्वांनी मिळून ठरवलं, की पोरगी आळशी आहे. आजोबांनी दटावलं, कान पिळला. हिवाळ्यातल्या एका सकाळी चारुमतीच्या जागेवर पिवळ्या चोचीची साळुंकी बसलेली होती.

शास्त्रीबुवांच्या पायाखालची जमीन सरकली. थंडी सरली की छपरावरचा थवा दूर देशी जाई, आणि परतलेलं पाखरू माणसाचं बोलणं विसरलेलं असे. म्हणजे हाताशी हिवाळाच काय तो उरला होता. त्यांनी राजा चंडविक्रमाची आज्ञा घेतली, साळुंकीला खांद्यावर बसवलं आणि शंबरीचा डोंगर गाठला.

शंबरी दारात तांदूळ निवडत बसली होती. तिच्याजवळ एक पोपट होता. ती म्हणाली, "तीन कामं देते. एक जरी जमलं तरी उपाय सांगेन."

पहिलं काम, तळ्यातले हंस मोजायचे. शास्त्रीबुवा मोजू लागले, तर आकडे साबणासारखे निसटू लागले. पोपट म्हणाला, "लक्ष कुठं आहे?" दुसरं काम म्हणून शंबरीनं एका दमात सांगितलं, की चूल पेटवा, गाय सोडा, झाडांना पाणी घाला, मग वाळवण उचला, मग दार लोटा. शास्त्रीबुवांनी चूल पेटवली आणि ते खुळ्यासारखे उभेच राहिले. पोपट म्हणाला, "शंभरदा सांगितलं तरी डोक्यात शिरत नाही." हे सगळं गुरुजींचंच रोजचं बोलणं, एक अक्षर इकडचं तिकडं नव्हतं. तिसरं काम, भूर्जपत्रावरची एक ओळ वाचायची. त्यांनी पत्र हाती घेताच अक्षरांनी एकमेकांच्या जागा पळवल्या. चार वेदांचे पंडित घामाघूम झाले. पोपटानं विचारलं, "डोळे फुटले का?"

शास्त्रीबुवा मटकन खाली बसले. हलक्या आवाजात त्यांनी साळुंकीला विचारलं, "बाळ, तुला रोज असंच होत होतं?"

"रोज, आजोबा."

"मग सांगितलं का नाहीस?"

"मला वाटलं, सगळ्यांनाच असं होतं. बाकीचे हुशार, म्हणून त्यांना तरीही वाचता येतं."

म्हाताऱ्याला रडू कोसळलं. साळुंकीनं त्याला पोटभर रडू दिलं. मग ती पत्रावर उतरली, एक अक्षर पंजाखाली धरलं, बाकीच्यांवर पंख पसरला, आणि म्हणाली, की हे एवढंच बघा, बोटानं मातीत काढा, मोठ्यानं म्हणा. शास्त्रीबुवांनी काढलं, म्हटलं. मग दुसरं, मग तिसरं. सूर्य कलता कलता ओळ लागली. तिथं लिहिलं होतं, 'आज आमटीत मीठ जास्त झालं.' आजोबा आणि नात पोट धरधरून हसले.

शंबरीही हसली. म्हणाली, "हाच उपाय. आसन सोडा. प्रत्येक पाखराशेजारी मातीत बसा, आणि ज्याला जसं कळेल तसं शिकवा."

शास्त्रीबुवा परतले आणि अंगणात मांडी घालून बसले. चारुमतीनं पहिलं अक्षर मातीत काढलं, तसे तिचे पंख गळले आणि ती आजोबांच्या गळ्यात पडली. मग कुणी चिंचोक्यांनी मोजायला शिकलं, कुणी फेऱ्या मारत पाठ म्हटला, कुणाला गलक्यापासून दूर, निंबाखाली बसवावं लागलं. थवा उडायच्या आत अंगण मुलांनी भरलं, आयाबाया हसत रडत होत्या. एका माणसाला एवढी पोरं आवरेनात, तेव्हा राजानं आसन वितळवलं आणि त्या सोन्यातून आणखी गुरुजी नेमले.

शेवटी एक म्हातारा बगळा उरला. तो बोलणं केव्हाच विसरला होता. लोक म्हणाले, त्याचं आता काय व्हायचं? पण शास्त्रीबुवा त्याच्याजवळून हलले नाहीत. किती दिवस गेले कोण जाणे. एका दुपारी बगळ्यानं चोचीनं मातीत वाकडातिकडा 'प' काढला, आणि समोर पांढऱ्या दाढीचा एक गृहस्थ बसलेला दिसला. शास्त्रीबुवांनी त्याला ओळखलं. तो पद्मनाभ होता, लहानपणी याच पाठशाळेत त्यांच्या शेजारी बसणारा, आणि एक दिवस येईनासा झालेला. त्यांनी त्याचा शोध कधी घेतला नव्हता. ते त्याचे पाय धरून रडू लागले.

पद्मनाभानं घसा खाकरला. "वाचस्पती, रडतोस काय? पुढचं अक्षर दाखव."

शास्त्रीबुवांनी डोळे पुसले आणि दाखवलं. त्या राज्याची पाखरं जशी अंगणात उतरली, तशी तुमच्याही गावची उतरोत.