राहीची रेघ

ऐका मंडळी! तळ्याच्या बांधावरचे हे वड गुडघ्याएवढे होते ना, तेव्हाची ही गोष्ट. फार फार वर्षांपूर्वीची. हिवरतळे गावात राही नावाची एक भोईण होती. होडी तिची, जाळं तिचं, आणि जीभ? अरे बापरे, नुसती कातर!

काठावर गावाची शाळा होती. सकाळी पोरं पाढे म्हणायची, ते पाण्यावरून राहीला ऐकू यायचे. धुक्यात काठ दिसेनासा झाला की त्या आवाजाच्या रोखानं ती होडी घरी आणायची. अक्षर एक येत नव्हतं, पण पाढे तीसपर्यंत तोंडपाठ, असं म्हणतात.

आणि शाळा चालायची कशावर? तर तळ्यावर! तळं सरकारी. थोरल्या पुराच्या साली पाणी जिथवर चढलं होतं, तिथवरची सगळी जमीन सरकारची. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की ती काळीभोर गाळाची जमीन कलिंगडाला, काकडीला खंडानं द्यायची आणि येईल तो खंड शाळेला. मास्तरांचा पगार त्यातून, कौलं त्यातून.

एका वैशाखात मानाजी देसायानं हद्दीचे दगड उपटले आणि पार खाली, पाण्याजवळ नेऊन रोवले. म्हणाला, "माझ्या वाडवडलांची जमीन!" शाळेला उरली एवढीशी पट्टी. मास्तर ट्रंक भरायला लागले. पाढे थांबले. आता धुक्यात राहीनं घर गाठायचं कसं?

मामलेदार घोड्यावरून आले. "थोरल्या पुराचं पाणी कुठवर होतं, कोण दाखवतं?" ठाऊक सगळ्यांना होतं हो! पण देसायाच्या वाट्याला कोण जाणार?

"मी दाखवते की!" राही पुढे आली.

देसाई खो खो हसला. "कोरड्यात होडी चालवणार होय गं?"

"होडी कशाला? पाय आहेत मला! सायेब, त्या साली पाण्याच्या कडंकडंनं बापामागं हिंडलेय मी. माझ्या पायांना ठाऊक आहे."

भर दुपार. जमीन तव्यासारखी तापलेली. राही अनवाणी निघाली, मोठ्यानं म्हणत, "बे एके बे! बे दुणे चार!" आणि काय सांगू तुम्हाला! तिनं पाऊल उचललं की मागच्या ठशात पाणी! दुसरं पाऊल, पुन्हा पाणी! अख्खं गाव ओरडत मागे धावलं. रेघ देसायाच्या खळ्यातून आरपार गेली, आणि तिथल्या ठशात तर चक्क मासळी उड्या मारत होती, असं म्हणतात. देसायाचं तोंड बघण्यासारखं झालं.

बाराच्या पाढ्याशी राही एकदम थबकली. समोर तिचीच झोपडी! पुरानंतर बापानं बांधलेली. चार हात वळसा घातला असता तर कुणाला कळणार होतं?

"आता गं?" देसाई ओरडला. "आता बोल की!"

राहीचे डोळे भरून आले. पण पाढा काही तुटला नाही. "बारा एके बारा!" म्हणत ती पुढच्या दारानं आत शिरली आणि मागच्या दारानं बाहेर पडली. चुलीपुढेसुद्धा पाण्याचा ठसा उमटला.

"सायेब, माझं घरपण शाळेच्या जमिनीत. लिहून घ्या."

मामलेदार घोड्यावरून खाली उतरले. दगड त्याच रेघेवर परत रोवले गेले, शाळा वाचली. गाव नको नको म्हणत असताना राहीनं दुसऱ्या दिवशी आपल्या हातानं झोपडी उतरवली. दाराची चौकट तेवढी पोरांनी काढू दिली नाही. पुढे ती होडीतच राहिली. एका सकाळी धुक्यात गेली, ती कुणाला परत दिसली नाही, असं म्हणतात.

आजही वैशाखात हिवरतळ्याची पोरं पाढे म्हणत ती रेघ अनवाणी चालतात. सगळ्यांत पुढे देसायांच्या घरातलं मूल. वाटेत ती चौकट उभी आहे, भिंत नाही, छप्पर नाही. दोन्ही बाजूंना मोकळं रान, पण एकही पोर बाजूनं जात नाही.

आणि सकाळी धुकं पडलं ना, की मास्तर अजून सांगतात, "मोठ्यानं म्हणा रे! राही पाण्यावर आहे."