उर्वरेचे वाण

कृतयुग मावळत होते आणि त्रेतायुगाचा सूर्य अजून पुरता वर आला नव्हता; देव मनुष्यरूपाने वाटा चालत आणि मनुष्ये तपोबळाने देवांच्या पंक्तीला बसत. अशा त्या संधिकाळी वितस्तेच्या तीरावर धौमायन नामक महर्षींचा आश्रम होता. देवदारांची घनदाट छाया, होमधूमाने काळवंडलेल्या पर्णशाळा, निर्भयपणे तृण चरणारी हरिणे, हे सारे तिथे होतेच. परंतु त्या आश्रमाची कीर्ती त्रैलोक्यात पसरली होती ती आतिथ्यामुळे. त्या दारातून अतिथी कधी विन्मुख गेला नव्हता, आणि घरात जे उत्तमोत्तम असेल तेच त्याच्या पुढ्यात ठेवायचे, असे महर्षींचे कठोर व्रत होते. ते उत्तमोत्तम पिकवते कोण, याची विचारपूस मात्र व्रतात नव्हती.

पिकवीत असे त्यांची धर्मपत्नी उर्वरा. उर्वरा म्हणजे सुपीक भूमी. पण तिची कूस रितीच राहिली, आणि शेजारच्या ऋषिपत्न्यांनी ते तिला कधी विसरू दिले नाही. पर्णशाळेमागच्या परसात तिचा भाजीचा मळा होता, आणि त्या मळ्यात एक वाफा गाजरांचा. हे वाण तिच्या आईचे. गांधार देशातून तिची पाठवणी झाली तेव्हा आईने मूठभर बी तिच्या पदराच्या टोकाला गाठ मारून बांधले होते. पुढे आई गेली, नदीच्या पुरात गावही गेले. माहेर म्हणून उरले ते एवढेच: जांभळासारखे काळे, सुळ्यासारखे सरळ, आणि उकडले की दुधालाही गोड करणारे गाजर.

ते वाण राखण्याची आईची एक रीत होती. पौषात गाजरे उपटायची, त्यांतली देखणी वेगळी काढायची, प्रत्येकाचे खालचे टोक कापून जिभेवर ठेवायचे. जे सर्वांत गोड लागेल ते खायचे नाही. पाला छाटून ते कुंपणाच्या कडेला पुन्हा मातीत रोवायचे. वसंतात त्याला दांडा फुटतो, फुलांचे पांढरे छत्र उमलते आणि ग्रीष्मात बी धरते. उत्तम ते मातीला, उरलेले माणसांना, असे आई म्हणे. नवऱ्याचे व्रत होते, उत्तम ते अतिथीला. ही दोन व्रते एका छपराखाली इतकी वर्षे सुखाने नांदली, कारण महर्षी कधी परसात फिरकलेच नव्हते.

त्या वर्षी माघात वाफा रिकामा झाला होता. शिष्यांनी गाजरे खाऊन संपवली होती. एक तेवढे दुतोंडी, फिकट, वाकडे गाजर कुणी उपटायचीही तसदी घेतली नव्हती. साठवणीचे बी उरले नव्हते, कारण गाजराचे बी फार दिवस जगत नाही, आणि होते ते तिने शरदातच पेरले होते. सगळी भिस्त कुंपणाकडेच्या रोवलेल्या ओळीवर होती.

अशात एके दिवशी उर्वरा पाण्याला गेली असता एक वृद्ध पांथस्थ दारी आला. तो पूषा होता, वाटांचा रक्षक, चुकल्या गुरांना घरी आणणारा देव. दक्षाच्या यज्ञात वीरभद्राने त्याचे दात पाडले, तेव्हापासून तो दळलेले, शिजलेले मऊ अन्नच खातो. त्याने जवाच्या पिठाची पातळ पेज मागितली. धौमायनांना ती मागणी आपल्या व्रताचा अपमान वाटली. अतिथी बोळका आहे तर त्याला उत्तमातले मऊ काही द्यावे, या विचाराने ते आयुष्यात प्रथमच परसात गेले. कुंपणाकडेची गाजरे ही सर्वांत गोड, एवढे बायकोच्या तोंडून कधीतरी त्यांच्या कानांवर पडले होते. का वेगळी ठेवली, हे ऐकायला ते थांबले नव्हते. त्यांनी सगळी ओळ उपटली, माथे छाटून गाईपुढे टाकले आणि कंद दुधात शिजवून, घोटून अतिथीला वाढले. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवायला असा कितीसा वेळ लागतो?

उर्वरा परतली तेव्हा माती उकरलेली होती आणि गाय शेवटचा माथा चघळीत होती. कलश खाली ठेवून ती दाराशी आली. तिला रडू आले नाही. आत पूषा स्वरूपात प्रकटला होता, पर्णशाळा तेजाने उजळली होती, आणि वर माग म्हटल्यावर महर्षींनी कीर्ती मागून घेतली होती. तुझ्या घरचा हा कंद पृथ्वीवर घरोघरी रुजेल आणि तुझ्या आतिथ्याची गाथा युगानुयुगे गाइली जाईल, असा वर देवाने दिलाही होता.

उर्वरेने वंदन केले आणि म्हणाली, “भगवन्, हरवलेले आपण शोधून देता, असे ऐकते. माझे माहेर मला शोधून द्या.”

देवाने कारण विचारले. तिने आईची मूठ, पदराची गाठ आणि मातीतली ओळ, सारे सांगितले. पूषाने रिकाम्या पात्राकडे पाहिले आणि मान खाली घातली.

“कल्याणी, जे हरवले ते मी शोधून देतो. जे खाल्ले गेले, ते माझ्या सत्तेबाहेरचे आहे. मी तर पेजच मागितली होती.”

धौमायन तिची समजूत घालू लागले. “उर्वरे, देवाच्या मुखी पडले, याहून त्या कंदांचे भाग्य ते कोणते? पुढच्या वर्षी पुन्हा पेर.”

“काय पेरू?” तिने विचारले.

महर्षींना चारही वेद मुखोद्गत होते. त्यांतली अन्नदानाची एक ऋचा ते म्हणू लागले.

तेव्हा ओंजळीत परसातली उकरलेली माती घेऊन ती म्हणाली, “नाथ, आपले व्रत माझ्या आईच्या जिवावर फळले. देवाचा वर खोटा होणार नाही. हा कंद घरोघरी जाईल. पण माझ्या आईचा म्हणून जाणार नाही. आजपासून ज्या गाजराला बी धरेल त्याच्या गाभ्यात लाकूड भरेल. खाणाऱ्याला त्याचे बी दिसणार नाही, आणि बी राखणाऱ्याला त्याची चव मिळणार नाही.”

मग तिने रिकाम्या वाफ्यातले ते दुतोंडी गाजर काढून कुंपणाशी रोवले. दुसरे होतेच काय? गाजराची पुंगी वाजली तर वाजली, नाही तर मोडून खाल्ली, असे आपण हसत म्हणतो. इथे मोडून खाल्ल्यावर जे उरले त्यातूनच जगाला गाजर मिळायचे होते. त्याला बी आले, ते वाऱ्याबरोबर आणि वाटसरूंबरोबर देशोदेशी गेले, देवाचा शब्द खरा झाला. लोकांना ती गाजरे गोड लागली, कारण त्यांनी पहिली खाल्ली नव्हती. उर्वरा मात्र म्हातारपणापर्यंत दर पौषात एकेका गाजराचे टोक कापून जिभेवर ठेवी, डोळे मिटून क्षणभर थांबे आणि थुंकून टाकी.

आजही बियाण्याला राखलेल्या गाजराचे पांढरे छत्र, बी भरू लागले की आत वळते आणि मिटते. धौमायनांची गाथा गाणारे सांगतात की ते देवाला हात जोडते. बी राखणाऱ्या बायका ते ऐकून घेतात आणि कामाला लागतात. ती बी घट्ट धरून ठेवणारी उर्वरेची मूठ आहे, हे त्यांना ठाऊक असते; म्हणून मनोमन उर्वरेला विचारल्यावाचून त्या छत्राला हात लावीत नाहीत.