झरजाईचं आवतन

डोंगराच्या कुशीतल्या एका गावात एक गोंधळी राहत होता. संबळ वाजवून देवीची गाणी गायची, हे त्याचं काम. बाप गोंधळी, आजा गोंधळी. गावच्या टेंबजाईच्या देवळात गाण्याचा मान त्यांच्याच घराकडे चालत आलेला, आणि त्या मानापोटी पाटलाने नदीकाठचं एक शेत त्यांना कसायला दिलेलं. शेत लहानसंच होतं, पण घरातली सगळी तोंडं त्याच्यावरच जगत होती.

नवरात्रात नवमीची दुपार कलली की देवळात आवतन व्हायचं. आवतन म्हणजे बोलावणं. टेंबजाईच्या घरी सण, मग तिच्या बहिणींना नको का बोलवायला? गोंधळी संबळावर काठी टाकायचा आणि पंचक्रोशीतल्या एकेका देवीला गाव घेऊन, नाव घेऊन हाक मारायचा. खिंडीतल्या आई, ये. झरेवाडीच्या झरजाई, ये. सगळ्यांना बोलावून झालं की मगच टेंबजाईची आरती.

पुरुषमंडळी तेवढ्या वेळात पेंगून घ्यायची, खोटं कशाला सांगा! बायका मात्र कान देऊन बसायच्या. गावातली प्रत्येक सून कुठल्या ना कुठल्या गावाहून आलेली. जिच्या पायरीवर ती लहानपणी खेळली, त्या देवीचं नाव आलं की ती हात जोडायची आणि हळूच डोळ्यांना पदर लावायची. वर्षभराच्या रामरगाड्यात तिच्या माहेराला कोणी हाक मारली ती तेवढीच.

एका वर्षी पाटलाचं खालच्या झरेवाडीशी कुरणावरून वाजलं. गुरं कोंडली गेली, डोकी फुटली, येणंजाणं बंद पडलं. अष्टमीला पाटलाने गोंधळ्याला वाड्यावर बोलावून बजावलं, की उद्या झरेवाडीच्या झरजाईचं नाव तोंडातून निघता कामा नये. निघालं तर पुन्हा शेताकडे फिरकायचं नाही.

आता आली का पंचाईत! इकडे आड, तिकडे विहीर. गोंधळ्याला जेवण गोड लागेना. बायको म्हणाली, एका नावाने काय बिघडतंय, पाण्यात राहून माशाशी वैर कशाला? विचार करता करता गोंधळ्याला एक युक्ती सुचली, आणि सुचली तसा तो स्वतःवरच खूश झाला.

नवमीला त्याने एकेक नाव घ्यायला सुरुवात केली. झरजाईची पाळी आली तसा तो पुढच्या नावावर गेला. आणि अगदी शेवटी गळा मोकळा सोडून गायला, की ज्या राहिल्या असतील त्या साऱ्या आयांनो, तुम्हीही या. झालं! पाटलाचा शब्दही राहिला आणि देवीलाही बोलावणं गेलं. पाटलाने समाधानाने मान डोलावली. आरतीची तबकं पुढे आली, लोक उठून उभे राहिले.

एक म्हातारी तेवढी उठली नाही. तिला सगळे झरेवाडीकरीण म्हणत, कारण ती मूळची झरेवाडीची. तिचं सासरचं नाव आता कोणाला आठवतही नव्हतं. ती खांबाला टेकून तशीच बसून होती. शेजारणीने ऊठ म्हटलं, तर म्हणाली, थांब गं, आवतन संपायचंय अजून.

गोंधळ्याच्या कानावर ते पडलं. तो तिच्याजवळ गेला आणि हलक्या आवाजात सांगू लागला, की आजी, आवतन संपलं. तुझी झरजाई मी राहिलेल्यांमध्ये घेतली.

म्हातारी रागावली नाही.

"बाबा, तुझ्या भावाच्या घरी लग्न निघालं. त्याने साऱ्या गावाला नावानिशी अक्षत दिली, आणि तुझ्या दारावरून जाताना नुसतं म्हणाला, राहिले असतील त्यांनीही या. तू जाशील?"

"नाही जाणार," गोंधळी म्हणाला.

"माझ्या माहेरी आता कोणी नाही रे," म्हातारी म्हणाली. "भाऊ गेला, घर पडलं. आता तर वाटही बंद झाली. तू नाव घेतोस ना, तेवढंच माझं माहेर."

गोंधळ्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. डोळ्यांपुढे शेत आलं, पोरंबाळं आली. भीती वाटली, चांगलीच वाटली. तरी तो वळला, उतरवून ठेवलेला संबळ त्याने पुन्हा कमरेला बांधला आणि देवीपुढे जाऊन उभा राहिला. आरती थांबली. त्याने हाक मारली, "झरेवाडीच्या झरजाई, माझं चुकलं. तुला नावाने बोलावतो आहे. टेंबजाईच्या घरी ये."

म्हातारीने हात जोडले आणि ती लहान मुलीसारखी रडली.

पाटलाने आरती होऊ दिली. बाहेर पडल्यावर त्याने गोंधळ्याला गाठलं आणि सांगूनसुद्धा नाव का घेतलंस म्हणून विचारलं. गोंधळी म्हणाला, "पाटील, घर टेंबजाईचं, बहिणी तिच्या. मी नुसता आवतन देणारा. त्यातून कोणाला गाळायचं हा माझा अधिकार नाही, आणि तुमचाही नाही."

दुसऱ्याच दिवशी पाटलाची माणसं शेतात उतरली. उभं पीक गेलं. गोंधळ्याच्या बायकोने कपाळाला हात लावला, पण नवऱ्याला बोल लावला नाही. होतं नव्हतं ते गाठोड्यात बांधून सगळी नदीपलीकडे तिच्या भावाच्या गावी गेली.

अशा बातमीला पाय फुटायला कितीसा वेळ लागतो? आसपासच्या सगळ्या गोंधळ्यांना ती कळली आणि त्यांची माथी भडकली. जो दुसऱ्याची आई गाळायला सांगतो, त्याच्या आईला आपण तरी का बोलवायचं, असं त्यांनी आपसांत ठरवून टाकलं.

दिवाळीला पाटलाची लेक माहेरी आली. त्याच साली तिला पंचक्रोशीतल्याच एका गावी दिली होती. पहिली दिवाळी, ताटात पाच पक्वान्नं, पण पोरीच्या तोंडावर हसू नाही. सासरी काही त्रास आहे का, म्हणून पाटलाने विचारलं.

"त्रास नाही, आबा. कोजागरीला आमच्याकडे आवतन झालं. सगळ्या सुनांच्या देवींना बोलावलं. आपल्या टेंबजाईचं नाव कोणी घेतलंच नाही. लोक उठून गेले तरी मी बसून होते."

पाटलाचा घास हातातच राहिला. कोणाची लेक कुठे कशी बसून राहते, हे त्याला त्या दिवशी कळलं. तो ताटावरून उठला आणि पायीच नदीपलीकडे गेला.

गोंधळ्याच्या दारात त्याने डोक्याचं पागोटं उतरवलं. आपलं चुकलं म्हणाला, शेत परत घे म्हणाला, आणि लेकीची हकीकत सांगितली. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, आता कसं वाटतंय! गोंधळ्याचा मात्र चेहरा उतरला.

"हे आमच्या लोकांनी वाईट केलं," तो म्हणाला. "चुकलात तुम्ही, आणि नाव आईचं गाळलं? त्या पोरीने कोणाचं काय बिघडवलं होतं?"

शेताचं बोलणं तसंच राहिलं. त्याने पायांत वहाणा घातल्या आणि आधी आपल्या भाऊबंदांची गावं गाठली. घराघरांत जाऊन त्याने त्यांना समजावलं, काहींशी भांडला, पण टेंबजाईला हाक मारायचं कबूल करवूनच परतला.

पुढच्या नवमीला गोंधळी पुन्हा देवळात उभा राहिला. शेत परत मिळालं होतं, कुरणाचं भांडण मिटलं होतं, झरेवाडीची वाट मोकळी झाली होती. म्हातारी मात्र नव्हती. मार्गशीर्षातच तिने डोळे मिटले होते. मागच्या नवमीला तिने ऐकलेलं आवतन हे तिचं शेवटचं.

एकेक नाव येत गेलं, बायकांचे हात जोडले गेले. मग गोंधळ्याने झरजाईला हाक मारली. साऱ्या देवळात त्या नावाला हात जोडणारी एकही बाई उरली नव्हती.

तेव्हा पुरुषांच्या रांगेतून पाटील उठला. झरजाईच्या नावाने त्याने हात जोडले आणि जमिनीला डोकं टेकलं.

तात्पर्य: देवीला आई म्हणणाऱ्याने दुसऱ्याच्या आईलाही तिच्या नावानेच हाक मारावी. 'राहिलेले सगळे' या नावाचं कोणी कुठे राहत नसतं.